लिंबूटिंबू न ठेवणारे खेळ

लहानपणी डबा ऐसपैस किंवा लपंडाव खेळताना एखादे धाकटे भावंड हट्टाने मध्ये आले, तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घेत असत. त्याच्यावर राज्य येत नसे, तो बाद होत नसे, आणि तो सापडला काय किंवा न सापडला काय, डावाला काहीच फरक पडत नसे. घरात व्हिडिओ गेम आला की हाच प्रकार उलट्या टोकाने सुरू होतो. आमच्याकडे चौदा वर्षांचा मुलगा सगळ्यांत पुढे असे, नऊ वर्षांची मुलगी त्याच्या मागे धावे, आणि त्यांच्या आजी-आजोबांच्या, म्हणजे माझ्या आई-बाबांच्या, हातात कोणीतरी कौतुकाने कंट्रोलर देऊन दोन मिनिटांत तो परत घेत असे. आई-बाबा समजूतदारपणे हसून सोफ्यावर मागे सरकत. मला ते फार लागत होते. म्हणून गेले सहा-सात महिने दर रविवारी आम्ही सहा जणांनी मिळून वेगवेगळे खेळ खेळून पाहिले, आणि प्रत्येक खेळाला मी एकच प्रश्न विचारला: या खेळात घरातल्या सर्वांत नवख्या माणसाला खरे काम आहे का?

खरेदीला निघताना माझाही भर वेष्टनावरच्या वयाच्या आकड्यावर होता. युरोपातील पेगी या संस्थेचे ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात, तर अमेरिकेतील ईएसआरबी या संस्थेची ई (सर्वांसाठी), टी (किशोरवयीनांसाठी), एम (सतरा वर्षांपुढच्यांसाठी) अशी अक्षरे असतात. चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते तसे काही आपल्याकडे व्हिडिओ गेमना बंधनकारक नाही, त्यामुळे आपणही याच आकड्यांवर विसंबतो. मात्र हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. हिंसा, शिवीगाळ, भीतीदायक दृश्ये, जुगार या गोष्टी त्या खेळात कितपत आहेत, एवढेच ते सांगतात. खेळ किती अवघड आहे, हे ते सांगत नाहीत. पेगी ३ असा शिक्का असलेला खेळ तीन वर्षांच्या मुलाला दाखवायला हरकत नाही, पण तो त्याला किंवा त्याच्या पणजीला खेळता येईलच असे नाही. मुलांच्या दृष्टीने आकडा महत्त्वाचा आहेच आणि तो पाहिल्याशिवाय कोणी काही विकत घेऊ नये, पण सहकुटुंब खेळासाठी तेवढ्यावर भागत नाही.

सुरुवात बहुतेक घरांत होते तशी आमचीही 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'ने झाली. २०१७ साली निन्टेन्डो स्विच या टीव्हीला जोडून खेळायच्या कंसोलवर आलेला हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आहे. एका टीव्हीवर पडद्याचे चार भाग करून चौघांना खेळता येते, शर्यतीत एकूण बारा गाड्या असतात, आणि एक शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते. याची रंगीत चित्रे आणि गोड संगीत सर्वांना ठाऊक आहे, पण मला त्यातील दोन सोयींविषयी सांगायचे आहे, कारण कितीतरी घरांत हा खेळ असूनही त्या कोणी चालू केलेल्या नसतात. गाडी निवडण्याच्या पडद्यावर अधिकच्या चिन्हाचे (+) बटण दाबले की त्या त्या खेळाडूपुरती दोन साहाय्ये चालू-बंद करता येतात. एकाने गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली की आपोआप आत वळवली जाते, आणि दुसऱ्याने वेगाचे बटण दाबून न धरताही गाडी पुढे जात राहते. दोन्ही चालू केल्यावर माझ्या आईला फक्त दिशा सांभाळायची आणि वाटेत मिळालेली वस्तू केव्हा टाकायची, एवढेच ठरवायचे उरले. केळ्याची साल मागे टाकायची आणि लाल कवच पुढच्याच्या अंगावर सोडायचे, हे तिला पहिल्याच रविवारी कळले, आणि त्या दिवशी ती बारा जणांत पाचवी आली. ती खरोखर शर्यतीत होती. तिच्या सालीवरून नातवाची गाडी घसरली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला तो मनापासून.

या खेळाची रचनाच अशी आहे की मागे पडलेल्याला अधिक बलवान वस्तू मिळतात आणि सर्वांत पुढे असलेल्याला बहुधा नाणी आणि साली. पट्टीच्या खेळाडूंना हे अन्यायाचे वाटते, पण घरात याच रचनेमुळे शेवटच्या वळणापर्यंत कोणी आशा सोडत नाही. वळण सावरणारे साहाय्य चालू असताना काही आडवाटा बंद राहतात, आणि तो मोबदला रास्तच आहे. उणीव सांगायची तर चौघे खेळताना पडद्याचा पाव भागच प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि आमच्या बत्तीस इंची टीव्हीवर बाबांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही आपली गाडी शोधावी लागत असे. म्हणून आम्ही दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या.

'निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स'मधील बोलिंग ज्येष्ठांना चांगले जमते, कारण हात मागे नेऊन पुढे झोकायचा, एवढेच करावे लागते. कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवण्याचा आग्रह मात्र धरावाच, नाहीतर कंट्रोलर सुटून टीव्हीवर जाऊन आदळायचा. 'स्निपरक्लिप्स' हा कागदाच्या दोन आकृत्यांनी एकमेकींना कातरून कोडी सोडवण्याचा खेळ मुलीला आणि माझ्या पत्नीला फार आवडला. त्यातील मुख्य कोडी दोघांचीच असल्याने बाकी चौघांना त्यांत जागा नव्हती. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आणलेल्या 'लुडो किंग'विषयी वेगळे सांगायला नको, कारण २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. त्याचे नियम कोणाला शिकवावे लागत नाहीत ही त्याची मोठीच बाजू आहे, पण फोन हातोहात फिरवत बसण्यापेक्षा माळ्यावरचा पट काढून खऱ्या सोंगट्या मांडलेल्या आम्हाला बऱ्या वाटल्या.

एका खेळाविषयी थोडे सावधपणे लिहायला हवे, कारण 'सहकुटुंब खेळावा असा' म्हणून त्याचे नाव नेहमी घेतले जाते. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा 'इट टेक्स टू' २०२१ साली आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. तो अतिशय कसबाने घडवलेला आहे, यात मला शंका नाही. पण तो दोघांनीच खेळायचा आहे, तिसऱ्याला त्यात काही काम नाही, आणि त्याची कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेल्या आई-वडिलांची आहे. मुलीच्या अश्रूंनी ते दोघे बोटाएवढ्या बाहुल्या होतात आणि एकमेकांच्या मदतीवाचून त्यांचे पुढे काही चालत नाही. मध्यावर एक प्रसंग असा येतो की मुलीला रडवण्यासाठी हे दोघे तिच्या लाडक्या खेळण्यातल्या हत्तीणीला फरफटत कड्यापर्यंत नेतात. ती गयावया करत असते आणि तरी खेळाडूंनाच आपल्या हाताने तिला खाली लोटावे लागते. पेगीने या खेळाला १२ चा आकडा दिला आहे तो योग्य आहे, असे मला वाटते. मी तो थोरल्याबरोबर पूर्ण खेळलो आणि त्यानंतर आम्हा बापलेकांत आई-वडिलांच्या भांडणांविषयी जे बोलणे झाले, ते एरवी झाले नसते. धाकटीला मात्र मी तो अजून दाखवलेला नाही. किशोरवयीन मुलासाठी आणि एका पालकासाठी हा खेळ मी आग्रहाने सुचवीन, साऱ्या घरासाठी नाही.

पैशांविषयी दोन शब्द. स्विच आम्ही आयात केलेला माल विकणाऱ्या दुकानातून घेतला, तेव्हा पावतीवर केवळ दुकानाची हमी होती. ती किती महिन्यांची आहे आणि दुरुस्ती कोण करणार, हे लिहून घ्यावे. स्विचसोबत येणारे दोन जॉय-कॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, सुटे करून दोघांना खेळता येते, चौघांसाठी आणखी एक जोडी लागते आणि ती स्वस्त नसते, हा खर्च आधीच धरावा. खेळाची कार्ट्रिज घेतली तर ती पुढे विकता येते किंवा शेजाऱ्यांशी अदलाबदल करता येते, डाउनलोड केलेल्या खेळाचे तसे होत नाही. आणि 'फुकट' या शब्दापासून जपावे. फोनवरच्या एका फुकट खेळात मुलीने हिऱ्यांच्या पेट्या घेण्यासाठी माझ्या खात्यातून आठशे रुपये खर्च केले होते, आणि ते पैसे आहेत हे तिला ठाऊकच नव्हते. खेळात खरेदीची सोय असेल तर २०१८ पासून पेगी आणि ईएसआरबी या दोघांच्याही लेबलवर तसा उल्लेख असतो. तो वयाच्या आकड्याइतकाच बारकाईने वाचावा.

आता ज्या दोन खेळांसाठी हे सारे लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो.

पहिला 'ओव्हरकुक्ड'. केंब्रिजमधील अवघ्या दोघांच्या घोस्ट टाउन गेम्स या कंपनीने तो २०१६ साली आणला, २०१८ मध्ये दुसरा भाग आला, आणि पुढे दोन्ही भाग एकत्र करून 'ऑल यू कॅन ईट' या नावाने निघाले. घ्यायचा तर हा एकत्रित खेळच घ्यावा. चौघांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवायचे, ऑर्डरी येत राहतात आणि वेळ संपायच्या आत जितक्या ताटल्या बाहेर पाठवता येतील तितक्या पाठवायच्या, असा हा खेळ. कंट्रोलरवरची छोटी काठी हलवून चालायचे, एका बटणाने वस्तू उचलायची-ठेवायची आणि दुसऱ्याने चिरायचे, एवढे आले की माणूस तयार झाला. ऑर्डर चित्रांत दिसते, इंग्रजी वाचावे लागत नाही, ही आमच्या आईच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

सुरुवातीचा पदार्थ कांद्याचे सूप आहे. तीन कांदे आणायचे, चिरायचे, पातेल्यात टाकायचे, शिजले की ताटलीत ओतून खिडकीवर ठेवायचे. पातेले विसरले तर करपते आणि आग लागते. पहिल्या खेपेस सगळेच कांदे आणायला धावले, चुलीजवळ कोणी नव्हते, आणि थोरला आग विझवण्याचे नळकांडे शोधत असतानाच वेळ संपली. दुसऱ्या खेपेस आईने सूत्रे हाती घेतली. "कांदा मी चिरते. तू चुलीपासून हलू नकोस. ताटल्या धाकटी आणेल. आणि पातेलं रिकामं झालं की लगेच पुढचे तीन कांदे आत गेले पाहिजेत, चूल रिकामी जळता कामा नये," असे तिने तिथल्या तिथे वाटून दिले. चाळीस वर्षे दोन शेगड्यांवर आठ माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला जे सहज सुचले, ते गेली पाच वर्षे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला सुचले नव्हते. त्या डावात आम्हाला तिन्ही तारे मिळाले. "फोडणी नाही, मीठ नाही, हे कसलं सूप," असे ती म्हणाली खरी, पण पुढच्या रविवारी जेवणे आटोपताच टीव्ही तिनेच लावला.

या खेळात सर्वांत वेगवान माणूस एकटा काही करू शकत नाही, म्हणून नवख्या माणसाच्या हातातल्या चिरलेल्या कांद्याची त्याला वाट पाहावीच लागते. मी ज्याला खरे काम म्हणतो ते हे. अर्थात खेळ पुढे अवघड होत जातो. धावत्या दोन ट्रकांवर विभागलेले स्वयंपाकघर आले, कधी दोन्ही ट्रक शेजारी असतात तर कधी मध्ये अंतर पडते, तेव्हा आईला काहीच सुधरेना आणि तिने कंट्रोलर खाली ठेवला. त्या वेळी एकत्रित आवृत्तीतील साहाय्याची सोय कामी आली: डावाला मिळणारा वेळ वाढवता येतो, ऑर्डरी लवकर रद्द होत नाहीत, आणि एखादे स्वयंपाकघर अजिबात जमत नसेल तर ते ओलांडून पुढे जाता येते. रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांसाठीही वेगळी सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करा. त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. आवाज चढतात, हे मात्र खरे. आमच्याकडे दर तीन डावांनंतर चहाची सुट्टी असा नियम करावा लागला, आणि ज्या घरात आधीच कुरबूर चालू असेल त्यांनी त्या संध्याकाळी हा खेळ लावू नये.

दुसरा खेळ, आणि माझ्या मते या सर्वांत श्रेष्ठ, 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स'. कॅनडाच्या स्टील क्रेट गेम्सने तो २०१५ साली काढला. तो स्विचवरही मिळतो आणि साध्या लॅपटॉपवरही चालतो, त्यामुळे कंसोल नसलेल्या घरानेही याचा विचार करावा. एकाने पडद्यासमोर बसायचे. त्याला एक बॉम्ब दिसतो, त्यावर तारा, बटणे, दिवे अशी वेगवेगळी खोकी असतात आणि घड्याळ उलटे धावत असते. बाकीच्यांनी पडद्याकडे पाठ करून बसायचे. त्यांच्या हातात तो निकामी करण्याची पुस्तिका असते. पडदा पाहणाऱ्याला पुस्तिका दिसत नाही आणि पुस्तिका वाचणाऱ्यांना बॉम्ब दिसत नाही. उरते ते फक्त बोलणे. पुस्तिका फुकट डाउनलोड करता येते, ती तेवीस पानांची आहे, आणि ती आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. कंट्रोलरला हात लावायला कचरणारी माणसे कागद हातात आला की कशी सरसावून बसतात, ते मी डोळ्यांनी पाहिले.

पहिल्या बॉम्बला पाच मिनिटे मिळतात आणि तिसऱ्या चुकीला तो फुटतो. शिवाय प्रत्येक चुकीनंतर घड्याळ अधिक वेगाने धावू लागते. तारांचे खोके सोपे आहे: तीन तारा असतील आणि त्यांत लाल नसेल, तर दुसरी कापायची. चिन्हांच्या खोक्यात मात्र कस लागतो. चार अनोळखी चिन्हे दिसतात, ती चारही ज्या स्तंभात आहेत तो पुस्तिकेत शोधायचा आणि वरून खाली त्या क्रमाने ती दाबायची. या चिन्हांना नावेच ठाऊक नसल्याने आमच्या घराने स्वतःची नावे पाडली आहेत. 'पोकळ चांदणी', 'भरीव चांदणी', 'उलटं प्रश्नचिन्ह' ही साधी झाली. एकाचे नाव 'शिंगं असलेला तीन' आहे आणि ते धाकटीने ठेवले आहे. आता ती "शिंगंवाला तीन, आजोबा!" असे ओरडते आणि त्यांचे बोट बरोबर त्या ओळीवर जाते.

बाबांनी तार खात्यात नोकरी केली. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली, त्या दिवशी ते फारसे कोणाशी बोलले नव्हते, एवढे मला आठवते. या खेळात मोर्स संकेतांचे, म्हणजे तारेसाठी वापरत त्या छोट्या-मोठ्या ठोक्यांच्या लिपीचे, एक खोके आहे. एक दिवा लुकलुकतो, त्यातून एक शब्द तयार होतो, आणि पुस्तिकेतील सोळा शब्दांच्या यादीत त्या शब्दासमोर दिलेला आकडा लावायचा असतो. आम्ही सारे ते खोके आले की हताश होत असू. त्या दिवशी धाकटी पडद्यासमोर होती. बाबांनी पुस्तिका पालथी ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तू फक्त छोटा की मोठा एवढंच सांग, आणि मध्ये थांबला की थांब." तिने सांगितले, छोटा, छोटा, छोटा, मग थांबला, मग छोटा, छोटा, छोटा, छोटा. बाबांचे बोट सोफ्याच्या हातावर कट्ट-कडकट्ट चालत होते. "एस, एच. पुढचं नको. यादीत एस-एच एकच असणार, बघा." थोरल्याने यादी पाहिली. 'शेल', ३.५०५. मुलीने आकडा लावला, दिवा हिरवा झाला, आणि घड्याळात अजून सव्वा मिनिट शिल्लक होते.

खेळाचा विषय बॉम्बचा आहे म्हणून काही पालक बिचकतील, ते मी समजू शकतो. रक्त किंवा जखमा यांतले काही त्यात नाही; बॉम्ब फुटला की स्फोटाचा आवाज होतो आणि पडदा काळा होतो. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला त्याचा त्रास झाला नाही, पण मोठ्या आवाजाला घाबरणारे मूल असेल तर आवाज कमी ठेवावा. खरी अडचण इंग्रजीची आहे. पुस्तिकेतील वाक्ये लांब आणि अटींनी भरलेली असतात, आणि आईला ती वाचणे जड गेले. म्हणून पत्नीने तारांचे आणि बटणाचे नियम मराठीत एका वहीत उतरवून दिले. दोन संध्याकाळी गेल्या, पण आता तारा आईच्या ताब्यात असतात आणि तिच्या परवानगीशिवाय कोणी एकही कापत नाही.

शेवटी एक व्यवहारातली सूचना. पुस्तिका छापून घेताना पाठपोट छापू नका आणि तिची बांधणीही करू नका. पाने सुटी राहिली तर ती माणशी वाटून घेता येतात. आमच्याकडे मोर्सचे पान बाबांच्या चष्म्याच्या डबीखाली असते.